पर्जन्योद्यान : अंगणातील जलधारणेचे शास्त्र

पावसाचे पाणी छतावर पडते, वळचणीपाशी पन्हळीत गोळा होते, नळीवाटे खाली उतरते आणि अंगण ओलांडून रस्त्याकडेच्या गटाराला मिळते. या वाटेवर, गटाराच्या अलीकडे, एक उथळ खळगा खोदावा, त्यात योग्य माती भरून योग्य वनस्पती लावाव्यात आणि नळीचे तोंड त्याकडे वळवावे. अशा रीतीने जी रचना तयार होते तिला इंग्रजीत ‘रेन गार्डन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘पर्जन्योद्यान’ ही संज्ञा योजली आहे. ज्या मूळ तत्त्वावर ती उभी आहे, म्हणजे माती, वनस्पती व सूक्ष्मजीव यांच्या एकत्रित साहाय्याने पाणी धरून ठेवणे व शुद्ध करणे, त्यास ‘जैवधारण’ म्हणता येईल.

पर्जन्योद्यानाची तळ्याशी किंवा शोषखड्ड्याशी गल्लत होऊ नये. तळ्यात पाणी टिकावे अशी अपेक्षा असते; पर्जन्योद्यानात ते एकदोन दिवसांत पूर्णपणे जिरावे अशी असते. शोषखड्डा दगडविटांनी भरलेला असून पाणी खोल जमिनीत पोचवणे एवढेच त्याचे कार्य असते. पर्जन्योद्यानात मातीचा वरचा सजीव थर हाच मुख्य कार्यकर्ता असतो. वर्षातील बहुतेक दिवस ही जागा कोरडी असते आणि पाहणाऱ्याला ती फुलझाडांचा एक साधा वाफाच वाटते.

अपधाव आणि त्याचे परिणाम : पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाते त्यास अपधाव म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसृत केलेली या विषयातील आकडेवारी सर्वपरिचित आहे. नैसर्गिक वनस्पतींनी आच्छादलेल्या भूमीवर पडलेल्या पावसापैकी साधारण ५० टक्के पाणी जमिनीत मुरते, ४० टक्के बाष्पीभवनाने व वनस्पतींच्या उत्सर्जनाने हवेत परतते आणि केवळ १० टक्के वाहून जाते. जिथे ७५ ते १०० टक्के जमीन छपरे, डांबर व काँक्रीट यांनी झाकली गेली आहे तिथे वाहून जाणारे पाणी ५५ टक्क्यांपर्यंत चढते आणि मुरणारे १५ टक्क्यांवर येते. पाऊस तेवढाच पडतो; त्याची वाटणी बदलते.

या बदललेल्या वाटणीचे तीन परिणाम दिसतात. पहिला ओढ्यांवर होतो. थोड्या वेळात फार पाणी आल्याने त्यांचे काठ कोसळतात, तळ खरवडला जातो आणि पाऊस थांबताच ते कोरडे पडू लागतात, कारण त्यांना पाझराने पोसणारे भूजलच घटलेले असते. दुसरा परिणाम पाण्याच्या गुणवत्तेवर होतो. पावसाच्या आरंभीचा लोंढा आपल्याबरोबर रस्त्यावरील तेल, टायरांची झीज, जस्त व तांबे यांचे कण, हिरवळीवरील खते आणि जनावरांची विष्ठा घेऊन जातो. तिसरा परिणाम जुन्या शहरांत तीव्र असतो. तिथे सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते आणि मोठ्या पावसात ती भरून वाहू लागली की न शुद्ध केलेले मैलापाणी थेट नदीत सोडावे लागते. अमेरिकेत अशा एकत्रित वाहिन्या असलेली सुमारे ७०० नगरे आहेत.

उगम : पर्जन्योद्यानाचा उगम नेमकेपणाने सांगता येतो. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘क्लीन वॉटर ॲक्ट’ या कायद्याची चौकट तयार झाली. प्रारंभी त्याचा भर कारखाने व मैलाशुद्धीकरण केंद्रे यांच्या नळांतून येणाऱ्या प्रदूषणावर होता. १९८७ च्या दुरुस्तीने शहरांतील पावसाच्या अपधावालाही त्या चौकटीत आणले. तोवर नव्या वसाहतींसाठी रूढ उपाय एकच होता : सर्व पाणी पन्हळी, गटारे व नळ यांतून लवकरात लवकर गोळा करून वसाहतीच्या एका टोकाला खोदलेल्या मोठ्या धारण-तलावात नेणे.

१९९० मध्ये वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत ‘सॉमरसेट’ नावाची वसाहत उभारली जात होती. तिचे विकासक डिक ब्रिंकर यांनी असा विचार मांडला की, एका मोठ्या तलावाऐवजी प्रत्येक घराच्या आवारातच पाणी धरणारी एक लहान जागा ठेवावी. ही कल्पना घेऊन ते काउंटीच्या पर्यावरण विभागातील अधिकारी व अभियंता लॅरी कॉफमन यांच्याकडे गेले. अरण्याच्या भूमीवर पालापाचोळा, भुसभुशीत माती व मुळे मिळून जे कार्य करतात तेच घराच्या अंगणात घडवून आणणे, हे या विचाराचे सार होते. सॉमरसेटमध्ये प्रत्येक घरासाठी ३०० ते ४०० चौरस फूट क्षेत्राचे पर्जन्योद्यान करण्यात आले. रूढ पद्धतीच्या गटारांना सुमारे ४ लाख डॉलर लागले असते. वनस्पतियुक्त रचनेस सुमारे १ लाख डॉलर लागले. पुढे केलेल्या मोजणीत सर्वसाधारण पावसातील अपधाव ७५ ते ८० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

या काउंटीने १९९३ मध्ये जैवधारणाची मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि या विद्येला अभियांत्रिकीत स्थान मिळाले. तिथून वाहणारे पाणी अखेर चेसापीक उपसागरात जाते, हेही या प्रारंभामागचे एक महत्त्वाचे कारण होते. कालवे व निळ्या खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या उपसागराला सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश यांतून पाणी येते. त्या पाण्याबरोबर येणारे नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. २०१० मध्ये संपूर्ण पाणलोट क्षेत्रासाठी या पोषकद्रव्यांच्या मर्यादा ठरवून देण्यात आल्या, तेव्हा घरोघरच्या लहान उपायांचे मोल आणखी वाढले.

रचना : पर्जन्योद्यानाचे सहा घटक सांगता येतात. पहिला म्हणजे प्रवेशमार्ग. नळीतून येणाऱ्या धारेने माती उखडू नये म्हणून इथे गोटे अंथरतात. दुसरा म्हणजे १० ते २० सेंटिमीटर खोलीचा, अगदी समतल तळाचा धारणखळगा. तळ समतल नसेल तर पाणी एकाच कोपऱ्यात साचते आणि उरलेली जागा निरुपयोगी ठरते. तिसरा घटक म्हणजे उताराच्या बाजूचा मातीचा बुटका बांध. चौथा म्हणजे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे लाकडाच्या सालीचे आच्छादन. पाचवा म्हणजे त्याखालील सच्छिद्र मृदा-मिश्रण आणि त्यात रुजलेल्या वनस्पती. सहावा म्हणजे सांडवा. खळगा भरल्यावर जादा पाणी कुठून व कोठे जावे हे आधीच ठरवलेले असले पाहिजे, कारण प्रत्येक पर्जन्योद्यान केव्हातरी भरून वाहणारच असते.

वर्गीकरण : निचऱ्याच्या दृष्टीने त्याचे तीन प्रकार होतात. ज्यात सर्व पाणी खालील मूळ जमिनीत मुरते ते पूर्णपाझर उद्यान. घरासाठी बहुधा हेच करतात. मूळ जमीन चिकण असल्यास मृदा-मिश्रणाखाली खडीचा थर व छिद्रयुक्त नळी घालतात आणि न मुरलेले पाणी गाळून बाहेर सोडतात. हे अंशपाझर उद्यान होय. जिथे जमीन दूषित आहे किंवा भूजल फार वर आहे तिथे तळाशी अभेद्य अस्तर घालून केवळ गाळणीचे काम घेतात. त्यास अस्तरित उद्यान म्हणावे. स्थानाच्या दृष्टीने गृहोद्यान व रस्त्याच्या कडेचे मार्गोद्यान असे दोन प्रकार आहेत. लांबट, उताराने पाणी वाहून नेणारा हिरवा चर हा जवळचा नातलग असला तरी वेगळा प्रकार आहे. त्यात पाणी चालत राहते, पर्जन्योद्यानात ते थांबते.

स्थाननिवड : जागा घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर असावी, म्हणजे ओल भिंतींकडे येत नाही. मैलाटाकी व तिचे शोषक्षेत्र यांवर ती कधीही करू नये. मोठ्या वृक्षाच्या मुळांचा विस्तार टाळावा. अंगणात ज्या ठिकाणी पाणी आधीच साचून राहते ती जागा अनेकांना सोयीची वाटते, परंतु तिथले पाणी मुरत नाही हेच त्या साचण्यातून सिद्ध होते. ती जागा सोडावी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची गृहस्थांसाठी लिहिलेली पुस्तिका या विषयात प्रमाण मानली जाते. तिच्यात खळग्याची खोली उतारावरून ठरवली आहे. उतार ४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ३ ते ५ इंच, ५ ते ७ टक्के असेल तर ६ ते ७ इंच आणि ८ ते १२ टक्के असेल तर सुमारे ८ इंच खोली घ्यावी. उतार १२ टक्क्यांहून अधिक असल्यास दुसरी जागा शोधावी.

जमीन पाणी किती वेगाने पिते याची परीक्षा सोपी आहे. सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो एकदा पाण्याने भरावा आणि जिरू द्यावा, म्हणजे आजूबाजूची माती ओली होते. मग तो पुन्हा भरून पाण्याची पातळी दर तासाला मोजपट्टीने पाहावी. ताशी १२ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उतार पडत असेल तर जागा योग्य समजावी. १५ सेंटिमीटर खोलीचे पाणी या वेगाने साधारण साडेबारा तासांत जिरते.

आकारमान : छताचे ५० चौरस मीटर क्षेत्र एका नळीत उतरते असे समजू. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्या क्षेत्रावर १,२५० लिटर पाणी पडते. छताच्या एकपंचमांश, म्हणजे १० चौरस मीटर क्षेत्राचे पर्जन्योद्यान केल्यास त्याच्यावर थेट पडणारे २५० लिटर त्यात मिळवावे लागतात. एकूण पाणी १,५०० लिटर झाले. १० चौरस मीटर तळाचा आणि १५ सेंटिमीटर खोलीचा खळगा बरोबर १,५०० लिटर पाणी धरतो. पाऊस पडत असताना जे पाणी मुरते ते या हिशोबात धरलेले नाही. ती आपल्या बाजूची जमा आहे. वालुकामय जमिनीत याहून लहान, तर चिकण जमिनीत याहून मोठे क्षेत्र घ्यावे.

छताच्या एकपंचमांश क्षेत्र व १५ सेंटिमीटर खोली या मापांची प्रत्यक्ष परीक्षाही झालेली आहे. विस्कॉन्सिनमधील डेन काउंटीत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सहकार्याने २००३ मध्ये दोन ठिकाणी, एका वालुकामय व एका चिकण जमिनीवर, पर्जन्योद्यानांच्या जोड्या बांधल्या. प्रत्येक जोडीत एकात कापलेली हिरवळ होती, तर दुसऱ्यात त्या प्रदेशातील गवताळ मैदानांच्या मूळ वनस्पती होत्या. २००४ ते २००७ या जलवर्षांत वालुकामय जमिनीवरील दोन्ही उद्यानांनी आणि चिकण जमिनीवरील मूळ वनस्पतींच्या उद्यानाने छतावरून आलेला प्रत्येक पाऊस व वितळलेला बर्फ पूर्णपणे जिरवला. चिकण जमिनीवरील हिरवळीच्या उद्यानातून मात्र पाणी कधीकधी बाहेर गेले. तरीही त्याने ९६ टक्के प्रसंग पेलले.

या प्रयोगाचा सर्वांत उद्बोधक भाग जमिनीखाली सापडला. चिकण मातीत हिरवळीची मुळे सुमारे १४ सेंटिमीटरपर्यंतच गेली होती, तर मूळ वनस्पतींची जवळजवळ १४३ सेंटिमीटर खोल पोचली होती. त्याच मातीत पाणी मुरण्याचा मध्यम वेग हिरवळीखाली ताशी सुमारे ७ मिलिमीटर, तर मूळ वनस्पतींखाली सुमारे २२ मिलिमीटर होता. मुळे वाढतात, काही मरतात, त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात, त्यांत गांडुळे शिरतात आणि घट्ट माती हळूहळू सच्छिद्र होते. इथे वनस्पती शोभेपुरती नसते. खोदकाम तीच करीत असते.

मृदा : मूळ माती चांगली मुरवणारी असेल तर ती भुसभुशीत करून कंपोस्ट मिसळणे पुरते. ती बदलायची असल्यास साधारण निम्मी ते ६० टक्के वाळू आणि उरलेल्या भागात सुपीक माती व कंपोस्ट असे मिश्रण घेतात. खोदकाम माती ओली असताना करू नये, कारण ओली चिकणमाती पायाखाली दाबली जाऊन विटेसारखी घट्ट होते. कंपोस्टचे प्रमाणही बेतानेच ठेवावे. ते अधिक झाल्यास ज्या फॉस्फरसपासून जलाशय वाचवायचे तोच त्यातून झिरपू लागतो. पाणी निथळून गेल्यावर मातीच्या छिद्रांत ओल व हवा दोन्ही राहिल्या पाहिजेत. आपला शेतकरी ज्या स्थितीला वाफसा म्हणतो ती दोन दिवसांत परत आली तर मिश्रण साधले. न आल्यास खळग्याचे चिबड झाले असे समजावे.

वनस्पती : लावायची रोपे काही तास पाण्यात उभी राहणारी आणि नंतर कोरड्या दिवसांतही तगणारी हवीत. दलदलीत वाढणाऱ्या बहुतेक वनस्पती कोरडेपणात टिकत नाहीत, म्हणून त्या इथे फारशा उपयोगी नाहीत. लागवड तीन पट्ट्यांत करतात. तळाच्या पट्ट्यात मेरिलँडमध्ये निळी आयरिस, लाल लोबेलिया, लव्हाळ्याच्या कुळातील सेज आणि पाणथळीचे मिल्कवीड लावतात. उताराच्या पट्ट्यात स्विचग्रास हे उंच गवत आणि जो-पाय वीड असते. काठावर, कोरड्या पट्ट्यात, पिवळ्या पाकळ्यांची व काळसर मध्याची रुडबेकिया असते. १९१८ पासून ती मेरिलँडचे राज्यपुष्प आहे. यांपैकी मिल्कवीड ही आपल्या रुईची नातलग होय. रुईवर जसे आपल्याकडील प्लेन टायगर या फुलपाखराचे सुरवंट वाढतात, तसे तिच्यावर त्याच्याच प्रजातीतील मोनार्क फुलपाखराचे वाढतात. त्यामुळे गटारात जाणारे पाणी अडवण्यासाठी केलेला खळगा परागवाहक कीटकांचे आश्रयस्थानही होतो.

शुद्धीकरणाची क्रिया : खळग्यात आलेले पाणी प्रथम स्थिरावते आणि त्यातील गाळ तळाशी बसतो. मग ते आच्छादन व माती यांतून गाळले जाते. शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू सेंद्रिय द्रव्य व मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि बहुतांशी वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकतात. तेलातील हायड्रोकार्बन संयुगे आच्छादनात धरली जातात आणि पुढच्या काही दिवसांत जीवाणू त्यांचे विघटन करतात. पोषकद्रव्यांचा काही अंश वनस्पती घेतात.

नायट्रेट मात्र मातीला चिकटत नाही. ते पाण्याबरोबर खाली जाते. मेरिलँड विद्यापीठात ॲलन डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन केले. उद्यानाच्या तळाशी सतत पाण्याने भरलेला, प्राणवायूविरहित थर ठेवावा आणि त्यात कार्बनयुक्त पदार्थ मिसळावा, म्हणजे तिथले जीवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, हा त्यांचा मार्ग होता. कोणता पदार्थ सर्वांत योग्य याची तुलना करताना अनेक पदार्थ तपासले गेले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत वृत्तपत्राच्या कागदाचे तुकडे सरस ठरले.

मातीच्या या सामर्थ्याचे सर्वांत ठळक प्रमाण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून मिळाले आहे. सिॲटल परिसरातील ओढ्यांत अंडी घालण्यासाठी परतणारे कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांत, अंडी घालण्याआधीच मरत. संशोधकांनी महामार्गावरचे पावसाचे पाणी गोळा करून त्यात हे मासे ठेवले, तेव्हा ते मेले. तेच पाणी वाळू, कंपोस्ट व झाडाची साल यांच्या थरांतून गाळून घेतले, तेव्हा मासे जगले. हे प्रयोग प्रसिद्ध झाले त्या वेळी मारक द्रव्य कोणते हे अज्ञात होते. २०२० च्या अखेरीस त्याचा उलगडा झाला. टायरचे रबर टिकावे म्हणून घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी अभिक्रिया होऊन ‘६-पीपीडी-क्विनोन’ हे संयुग बनते आणि टायरांच्या झिजेबरोबर ते ओढ्यात येते. मातीच्या साध्या गाळणीने त्या विषाचे नाव कळण्याआधीच त्याला अडवले होते.

प्रसार : एका घराचे उद्यान एका छताचे पाणी थांबवते, संपूर्ण गल्लीने ते केले तर काय होते याचा अभ्यास मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल येथे झाला. क्रिस्टल लेक या तलावाकडे पाणी सोडणाऱ्या एका निवासी रस्त्यावर २००३ मध्ये १७ पर्जन्योद्याने करण्यात आली आणि तशाच दुसऱ्या रस्त्याला तुलनेसाठी जसेच्या तसे ठेवले. काम होण्यापूर्वी दोन्ही रस्त्यांचा अपधाव सारखा होता; काम झाल्यानंतर पहिल्या रस्त्याचा अपधाव सुमारे ९० टक्क्यांनी घटला. सिॲटलने २००१ मध्ये पूर्ण केलेल्या एका प्रायोगिक रस्त्यावर डांबराची रुंदी कमी केली, मार्गाला वळणे दिली आणि कडेने खळगे करून १०० सदाहरित वृक्ष व १,१०० झुडपे लावली. तिथला अपधाव जवळजवळ शून्यावर आल्याचे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मोजणीत दिसले.

ओरेगन राज्यातील पोर्टलंडने आणखी सोपी वाट घेतली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात छताच्या नळ्या भूमिगत वाहिनीपासून तोडून अंगणाकडे वळवण्यासाठी घरमालकांना साहाय्य व मोबदला देण्यात आला. २०११ पर्यंत ५६ हजारांहून अधिक नळ्या अशा वळवल्या गेल्या. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहराने २००५ मध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नने दहा हजार पर्जन्योद्यानांच्या मोहिमा हाती घेतल्या. या सर्व उदाहरणांत शासनाने ज्ञान, अनुदान व मोजणी पुरवली. जमीन आणि देखभाल मात्र गृहस्थांची होती.

निगा आणि एक गैरसमज : पहिली दोन वर्षे तण काढणे व कोरड्या दिवसांत पाणी देणे आवश्यक असते. त्यानंतर रोपे जागा व्यापतात आणि श्रम कमी होतात. दरवर्षी प्रवेशमार्गावरील गाळ काढावा, आच्छादनाची भर घालावी, बांध व सांडवा तपासावा. रासायनिक खत कधीही घालू नये; ज्या द्रव्यांना थांबवण्यासाठी हे उद्यान केले तीच त्यात ओतली जातील. डास होतील ही शंका सर्वत्र विचारली जाते. अंड्यापासून उडणारा डास होण्यास सामान्यतः आठवडा किंवा अधिक काळ लागतो. पर्जन्योद्यानातील पाणी एकदोन दिवसांत जाते. म्हणून नीट चालणारे पर्जन्योद्यान डासांना जागा देत नाही. पाणी तीन दिवसांनंतरही दिसत असेल तर मात्र तो दोष समजून माती मोकळी करावी.

मर्यादा : पर्जन्योद्यान नित्याच्या, लहान व मध्यम पावसासाठी असते. वर्षभरात बहुतेक वेळा पडणारा पाऊस याच प्रकारचा असतो आणि प्रदूषणही मुख्यतः त्याच्याच आरंभी वाहते. म्हणून ते उपयुक्त ठरते. महापूर ते थांबवू शकत नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरील ५० चौरस मीटर छतावर त्याचे ४७ हजार लिटरहून अधिक पाणी झाले असते. १,५०० लिटरच्या खळग्याने ते धरावे ही अपेक्षाच चुकीची आहे. नाले, नदीपात्रे व पाणथळ जागा मोकळ्या ठेवण्याला हा पर्याय नव्हे. तो त्यांच्या जोडीचा उपाय आहे.

महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात : ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सूत्र महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. डोंगरउतारावरचे समतल चर, शेताचे बांध आणि झाडाभोवतीचे आळे हे सर्व त्याच तत्त्वाचे आविष्कार होत. पर्जन्योद्यान तेच तत्त्व नगरातील छताला लावते. तथापि मेरिलँडची मापे इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. तिथे पाऊस बाराही महिने विभागून पडतो. इथे तो चार महिन्यांत येतो आणि जुलैत दोन सरींच्या मध्ये खळगा रिता होण्यास उसंतही मिळत नाही. यास्तव क्षेत्र मोठे, खोली कमी आणि सांडवा प्रशस्त ठेवणे इष्ट ठरते. कोकण व गोव्यातील जांभ्याची जमीन पाणी सहज पिते. देशावरील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि मग पाणी वर धरून ठेवते. तिथे अंशपाझर प्रकार घ्यावा आणि फुगणाऱ्या मातीमुळे घराच्या पायापासून अंतरही वाढवावे.

वनस्पतींचीही निवड इथल्याच भूमीतून करावी. आठ कोरडे महिने व चार ओले महिने दोन्ही सोसणाऱ्या वनस्पतींत वाळा हा अग्रगण्य आहे. माठातील पाण्याला सुगंध देणारी त्याची मुळे सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. डेन काउंटीच्या चिकणमातीत मूळ वनस्पतींनी जे कार्य केले त्याच कार्यासाठी ही मुळे अनुकूल आहेत. छतावरचे पाणी टाकीत किंवा कूपनलिकेत सोडण्याची पद्धत आपल्या शहरांत रुजली आहे; टाकी भरल्यावर वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी पर्जन्योद्यान हा तिचा पुढचा टप्पा होऊ शकतो.

या सर्व विवेचनाचे मूळ एका कर्तव्यात आहे. घर बांधताना आपण जमिनीचा एक तुकडा झाकतो आणि त्याच्यावर पडणारे पाणी शेजाऱ्याकडे, रस्त्याकडे व नदीकडे ढकलतो. ते पाणी किती आहे, हे छताचे क्षेत्रफळ व पाऊस यांच्या गुणाकाराने वहीच्या एका पानावर काढता येते. आणि ते परत घेण्यासाठी किती जागा लागेल, हेही त्याच पानावर मांडता येते. हा हिशोब करून खणलेला खळगा भर पावसात तुडुंब भरलेला दिसेल. पाऊस उघडल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो रिकामा आणि खालची माती ओलसर आढळली, म्हणजे उद्यान आपले काम करीत आहे असे जाणावे.